शून्याला शेपूट

गेल्या आठवड्यात सातारा जिल्ह्यातल्या एका वाड्याच्या माजघरात मूळ मोडी कागद उलगडला आणि माझीच जुनी ओळ खोटी ठरली. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

ती ओळ पहिल्यांदा टीव्हीसाठी लिहिली होती. गावच्या तळ्यावर पाच मिनिटांची फिल्म. तेव्हा मला मोडी येत नव्हती, समोर होती कुणीतरी केलेली बाळबोध, म्हणजे देवनागरी, नक्कल. साल अरबी अंकशब्दांत, 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे पेशवाईत चालणाऱ्या सुहूर सनाचं ११६१. इसवी सनासाठी त्यात ५९९ मिळवून १७६० काढलं. घरचा कर्ता गेला तो आला नाही, सबब वसूल तहकूब, असा मजकूर. मी निवेदनात लिहिलं, '१७६०च्या दुष्काळात कर्ता गाव सोडून गेला.' कागदात दुष्काळ नव्हताच. पडद्यावर कोरडं तळं होतं, म्हणून शब्द सुचला.

पुढे सरकारी खात्यात मंत्र्यांची भाषणं लिहायला लागले. त्याच तळ्याचा गाळ काढायचा कार्यक्रम निघाला, तेव्हा जुनी ओळ मसुद्यात घातली. नस्ती पाच टेबलांवरून फिरली. मान्यवरांचा क्रम तीनदा बदलला, सालाबद्दल एकानेही विचारलं नाही. नंतर कोनशिलेवर ओळ जशीच्या तशी कोरली गेली.

निवृत्तीनंतर गावांचे इतिहास लिहायला घेतले आणि मोडी शिकले. दोन वर्षं गेली, पण आता अक्षर डोळ्यांपुढे उभं राहतं. मूळ कागदावर 'छ ५ रमजान' स्वच्छ आहे. छ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तिथी. नक्कल करणाऱ्याने नेमकी तीच गाळलेली! सुहूर सन मृगाला, म्हणजे जूनच्या सुमारास, सुरू होतो. तिथून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. त्या वर्षी रमजान एप्रिलमध्ये होता. म्हणजे साल १७६१. पानिपत झालं १४ जानेवारीला.

आणि नक्कलेत 'परमुलखी' होतं, तिथे मुळात 'हिंदुस्थानात' आहे. पेशवाईच्या कागदांत हिंदुस्थान म्हणजे नर्मदेपलीकडचा उत्तरेचा मुलूख.

वाड्याचे काका बराच वेळ गप्प होते.

"म्हणजे आमचा माणूस दुष्काळाला भिऊन पळाला नव्हता?"

"काका, तो पानिपतावर होता असं कागद म्हणत नाही. उत्तरेत गेला, परतला नाही, एवढंच."

"तेवढं पुरे. शाळेत पोरं आमच्या घराला पळपुट्याचं घर म्हणायची, ताई. माझ्या नातवालाही म्हणाली."

मला उत्तर देता आलं नाही.

संध्याकाळी कोनशिलेपाशी गेलो. गवंड्याने बोट फिरवून पाहिलं. शून्याला शेपूट काढलं की एक होतो, तासाभराचं काम, म्हणाला. साल सुधारेल. पुढचा 'दुष्काळात' हा शब्द मात्र बोटभर खोल कोरलाय, तो काढायचा तर दगडच बदलावा लागेल. दगडाचे पैसे मी देते म्हटलं. काकांनी अजून हो म्हटलेलं नाही.