गॅरेजमधली हाक

काल रात्री निनादबरोबर ‘द किंग ऑफ काँग’ पाहिला. २००७चा माहितीपट, डाँकी काँग या जुन्या आर्केड गेमच्या विक्रमासाठी झालेल्या चुरशीवरचा. संपल्यावर निनाद म्हणाला, “ओळखीचं वाटलं का काही?” आणि झोपायला गेला. मी जागीच.

चिडावं असा माणूस त्यात आहे, बिली मिचेल. १९८२मध्ये त्याने विक्रम केलेला. समोरासमोर खेळायला येत नाही, टेप पाठवतो. चिडलेही. पण झोप उडाली ती त्याचा विक्रम मोडू पाहणाऱ्या स्टीव्ह वीबीमुळे. बोइंगमधली नोकरी गेलेली, गॅरेजमध्ये मशीन. दहा लाखांच्या दिशेने निघालाय, कॅमेरा चालू आहे, आणि आतून धाकटा हाका मारतोय, शी झालीय, बाबा ये. बाबा जात नाही. खेळ बंद कर म्हणून पोरगं रडतं. आकडा होतो १०,०६,६००. टेपवर रडणंही आहे आणि आकडाही.

उठायला हवं होतं का त्याने? त्या मशीनला मध्येच थांबवायची सोय नाही. उठला की संपलं. आणि बाविसाव्या लेव्हलला ते तसंही संपतंच. वेळेचं गणित २५५च्या पुढे मावत नाही, घड्याळ जेमतेम काही सेकंद देतं आणि मारिओ पडतो. कितीही चांगलं खेळा, पुढे वाट नाही. एवढ्यासाठी त्या पोराला ताटकळत ठेवलं? पण मी त्याच्याच बाजूने होते. आकडा व्हावा म्हणून मुठी आवळून बसले होते. आमची लेक इरा शेजारच्या खोलीत झोपलेली असताना.

बरं, एवढं करून विक्रमांच्या नोंदी ठेवणाऱ्या ट्विन गॅलेक्सीजने ती टेप मानलीच नाही. मशीनच्या बोर्डावर शंका घेतली. मग वीबीने न्यू हॅम्पशरच्या फनस्पॉट या आर्केडमध्ये जाऊन चारचौघांत ९,८५,६०० केले, तर तिथेच मिचेलची १०,४७,२००ची टेप लावली. (ती टेप मूळ मशीनवरची नाही असं ठरवून ट्विन गॅलेक्सीजने २०१८मध्ये त्याचे विक्रम काढले, तो कोर्टात गेला, २०२४मध्ये तडजोड झाली आणि ते जुन्या नोंदींत परत आले. वाचून बरं वाटलं नाही की वाईटही.)

माझ्या रियाजाला तर कुणी शंका घ्यायलाही येत नाही. विशारद या वयात कशाला, हे आईंनी एकदाच विचारलं, पण... जाऊ दे.

आज सकाळी यमनची तान निम्म्यावर असताना इराने हाक मारली. उठले. परत आले तेव्हा तानपुरा चालूच होता. पुन्हा निषादापासून घेतली, आणि आली की! माझं काही बाविसाव्या लेव्हलला अडत नाही.

तरी परीक्षेपर्यंत साडेपाच ते साडेसहा इराच्या हाकेला निनादने उठायचं. रात्री सांगणार आहे त्याला. प्रश्न त्यानेच विचारलाय.