पोच द्या म्हटलं की...

उजव्या हाताने घास घेता येईना म्हणून तो चमच्याने वरणभात खात होता, तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमचं पोरगं वरणभात चमच्याने कधीच खात नाही. हात बघितला तर मधली दोन बोटं सांध्यावर सुजलेली, निळी पडलेली. पडलो म्हणाला. रात्री लाईट बंद केल्यावर हळूच म्हणाला, आई, सरांनी डस्टर मारला, लाकडाच्या बाजूने, पण तू शाळेत येऊ नकोस.

आम्ही घणसोलीला राहतो. शाळेचं नाव लिहीत नाही कारण मुलगा अजून तिथेच आहे, सहावीत.

दुसऱ्या दिवशी गेलेच. मुख्याध्यापिका बाईंनी बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या आत्ताच क्लिअर करून टाकू, आणि शिपायाला पाठवून सरांना आणि माझ्या मुलाला दोघांनाही केबिनमध्ये बोलावलं. एकाच वेळी. सर त्याच्या शेजारी उभे, हात त्याच्या खांद्यावर. बाई म्हणाल्या, बेटा घाबरू नको, खरं सांग, सरांनी मारलं का? तो सरांच्या बुटांकडे बघत नाही म्हणाला. बाई माझ्याकडे वळल्या, बघा मॅडम. दोन मिनिटांत चौकशी संपली.

मला त्या डस्टरपेक्षा त्या दोन मिनिटांचा राग जास्त आहे. अकरा वर्षांचं पोर, ज्यांच्या वर्गात उद्या परत बसायचंय त्यांच्यासमोर काय बोलणार? पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, मुलाचा जबाब घेताना पोलिसांनी साध्या कपड्यात यायचं, जमेल तिथे मुलाच्या घरीच जबाब घ्यायचा आणि आरोपी कुठल्याही वेळी मुलाच्या समोर येता कामा नये असं लिहिलंय. माझ्या मुलाचं प्रकरण पॉक्सोचं नाही हे मला कळतं, पण मूल कधी बोलतं आणि कधी गप्प बसतं हे कायद्याला २०१२ मध्ये कळलं आणि रोज शेकडो मुलं सांभाळणाऱ्या बाईंना अजून कळू नये? आणि मारण्याचं म्हणाल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ आहेच, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी, शिक्षकावर सेवा नियमांप्रमाणे कारवाई. हे मी बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, मॅडम कायद्याचं कशाला, आपण घरातल्या घरात बघू.

हे "घरातल्या घरात" ऐकलं आणि मला बदलापूर आठवलं. माझी नणंद तिथे राहते. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेच्या सफाई कर्मचाऱ्याने दोन चिमुरड्यांवर अत्याचार केला, आईबापांना तक्रार नोंदवून घ्यायलाच कित्येक तास पोलीस ठाण्यात काढावे लागले आणि २० तारखेला अख्खं गाव रुळावर उतरलं. नणंद दिवसभर घरात दार लावून मुलीला जवळ घेऊन बसली होती, मला दर तासाला फोन. तेव्हा हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली आणि शाळेने पोलिसांना का कळवलं नाही हे विचारलं, कारण पॉक्सोत कळवणं हा शाळेच्या मर्जीचा प्रश्नच नाही, कलम १९ प्रमाणे ते बंधनकारक आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. खरं खोटं शाळेने ठरवायचंच नाही, फक्त कळवायचं. पण ज्या शाळेला डस्टरची तक्रार कागदावर नको असते तिला त्याहून मोठी तक्रार कागदावर घ्यायची हिंमत एका दिवसात कुठून येणार? सवय छोट्या गोष्टीतच लागते ना.

तक्रारपेटी आमच्याही शाळेत आहे. मुलाने दाखवली मला. मुख्याध्यापिकांच्या केबिनच्या दाराला लागून, समोर शिपाईकाकांचं स्टूल, वर कॅमेरा. कोण टाकेल त्यात चिठ्ठी? २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत सखी सावित्री समिती हवी, तिचाही बोर्ड लावलाय भिंतीवर, नावांच्या रकान्यात काहीच नाही.

मग मी लेखी द्यायचं ठरवलं. पालकांच्या ग्रुपवर विचारलं तर सगळे शांत. एकीने पर्सनलवर मेसेज केला, ताई माझ्याही मुलाला मारलंय पण दहावीपर्यंत तिथेच काढायचंय ओ, नंतर त्रास देतात. तिला मी दोष देत नाही, मी पण दोन रात्री हाच विचार केला होता. शेवटी आम्ही तिघी तयार झालो, त्यात तीही होती. अर्ज, बोटांचे फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी, आणि सोबत एक झेरॉक्स. ऑफिसमधल्या क्लार्कने अर्ज ठेवून घेतला, झेरॉक्सवर शिक्का मारून द्या म्हटलं तर म्हणाला ताई पोच देत नाही आम्ही, बाईंना विचारावं लागेल. बाई मीटिंगमध्ये. आम्ही तिघी बाकड्यावर बसून राहिलो, पाऊण तास. मग आतून शिक्का आला, आवक क्रमांक, तारीख, सही.

त्या निळ्या शिक्क्यानंतर सगळ्यांची भाषा बदलली. दोन दिवसांत ट्रस्टींचा फोन, आठवड्यात मीटिंग, आणि यावेळी मुलांशी समुपदेशक बाई एकट्या बोलल्या. माझा मुलगा अर्धा तास बोलला म्हणे. तो बाहेर आला तेव्हा त्याला भूक लागली होती, स्टेशनबाहेर दोन वडापाव खाल्ले, उजव्या हाताने.

नंतर शाळेचं पत्र आलं, एकच ओळ, संबंधित शिक्षकांकडील वर्ग बदलण्यात आला आहे. चौकशीत काय निघालं, कारवाई काय झाली, काही नाही. मुलाला विचारलं सर आता कुठे, तर म्हणाला ब तुकडीला. आमच्याच बिल्डिंगमधली दुसऱ्या मजल्यावरची मुलगी ब तुकडीत आहे. काल संध्याकाळी तिच्या आईकडे जाऊन सगळं सांगितलं, आता आम्ही चौघी. सोमवारी महापालिकेच्या शिक्षण विभागात अर्ज द्यायचाय, दोन झेरॉक्स काढून ठेवल्यात.