होस्टिंगचं तुलनेचं टेबल बंद करा आणि आधी टर्म्स उघडा

"बेस्ट वेब होस्टिंग" असं गूगलवर टाकलं की जे पहिले दहा रिझल्ट येतात ना, ते सगळे बंद करा. खरंच. मी वाचलेत ते, गेले काही आठवडे दुसरं काही वाचलंच नाहीये, कारण आमच्या ग्रुपची पक्ष्यांच्या फोटोंची साईट नवीन होस्टिंगवर, म्हणजे साईट ठेवायला भाड्यानं मिळणाऱ्या सर्व्हरच्या जागेवर, हलवायची होती आणि "तूच बघ, तुला कळतं" म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. तर त्या दहाही पानांवर त्याच पाच-सहा कंपन्या, तेच हिरवे टिकमार्क, "अनलिमिटेड", "फ्री एसएसएल" (पत्त्यातलं https चं कुलूप), "९९.९% अपटाइम", आणि खाली एक बटण. ते बटण म्हणजे अफिलिएट लिंक, तिथून कोणी विकत घेतलं की पान लिहिणाऱ्याला पैसे. होस्टिंगच्या धंद्यात एका गिऱ्हाइकामागे मिळणारं कमिशन चांगलंच घसघशीत असतं, त्यामुळे जो जास्त कमिशन देतो तो पहिल्या नंबरवर, इतका साधा हिशोब असतो बऱ्याचदा. सगळेच असं करतात असं नाही म्हणत मी, पण पानाच्या तळाशी बारीक अक्षरात "आम्हाला कमिशन मिळू शकतं" दिसलं की नंबरांकडे फार लक्ष द्यायचं नाही.

दुसरी गंमत म्हणजे ज्या दोन कंपन्यांची तुम्ही तुलना करताय त्यांचा मालक एकच असू शकतो. ब्लूहोस्ट आणि होस्टगेटर हे दोन्ही न्यूफोल्ड डिजिटलचे, जी २०२१ मध्ये एन्ड्युरन्स इंटरनॅशनलचा वेब विभाग आणि वेब डॉट कॉम एकत्र करून झाली. लिनोड २०२२ मध्ये अकामाईनं घेतली, क्लाउडवेज त्याच वर्षी डिजिटलओशननं घेतली. यात वाईट काही नाही, पण "अमुक नको तर तमुक घेते" म्हणून तुम्ही उडी मारता आणि पैसे जातात त्याच गल्ल्यात. आणि एखादा चांगला छोटा होस्ट मोठ्यानं विकत घेतला की पाच वर्षांपूर्वीचे रिव्ह्यू रद्दी समजायचे. तारीख बघून वाचा.

बरं, मग बघायचं काय? माझं मत असं झालंय की सेल्स पेज वाचूच नये, सरळ खाली स्क्रोल करून टर्म्स ऑफ सर्व्हिस किंवा "फेअर युसेज" असली जी कंटाळवाणी लिंक असते ती उघडायची. खायचे दात तिथे असतात. तिथे कंट्रोल एफ मारून "आयनोड" शोधायचं.

आयनोड म्हणजे ढोबळमानानं फाइल्सची संख्या. जागा अनलिमिटेड असते हो, पण फाइल्स किती ठेवायच्या त्याला मर्यादा असते, कुठे दोन लाख, कुठे अडीच, स्वस्तातल्या प्लॅनमध्ये त्याहून बरीच कमी. आता तुम्हाला वाटेल दोन लाख फाइल्स कोण ठेवतंय. तर ऐका. नुसतं वर्डप्रेस (साईट बनवायचं सॉफ्टवेअर) टाकलं, काही लिहिलं नाही, तरी तीन हजारांच्या वर फाइल्स होतात. आणि मग एक मोठा फोटो चढवला की वर्डप्रेस त्याच्या गुपचूप कॉप्या बनवतं: १५० पिक्सेलचा थंबनेल, ३०० चा, ७६८ चा, १०२४ चा, १५३६ चा, २०४८ चा, शिवाय २५६० ला बारीक केलेली एक, आणि तुमची मूळ फाइल ती वेगळीच. म्हणजे एका फोटोच्या आठ फाइल्स. थीमनं आपली मापं घातली असतील तर अजून वाढवा. आमच्याकडे एकेका खंड्याचे पन्नास-पन्नास फोटो टाकणारी मंडळी आहेत, तिथे हा आकडा कसा पळतो ते तुम्हीच बघा. वर कॅशिंग प्लगिन (तयार पान साठवून ठेवणारं जोड-सॉफ्टवेअर) प्रत्येक पानाची एक फाइल करून ठेवतं, आणि त्याच अकाउंटवर ईमेल असेल तर सहसा आलेलं प्रत्येक मेल ही एक फाइल. स्पॅमसकट. मर्यादा ओलांडली की साईट लगेच बंद पडते असं नाही, पण काही ठिकाणी टर्म्समध्ये लिहिलेलं असतं की इतक्या आयनोडच्या पुढे गेलात तर तुमचा आपोआप होणारा बॅकअप थांबेल. थांबेल, आणि कळवू असं मात्र कुठेच लिहिलेलं नसतं!

आयनोडनंतर सीपीयू आणि "एंट्री प्रोसेस". शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साईट्स असतात तिथे, बऱ्याच ठिकाणी क्लाउडलिनक्स नावाचं सॉफ्टवेअर असतं, ते प्रत्येक अकाउंटला एकेका पिंजऱ्यात ठेवतं, म्हणजे शेजारच्या साईटवर धुमाकूळ चालला तरी तुमची साईट झोपत नाही. चांगली गोष्ट आहे ती. पण तुमचाही पिंजरा किती मोठा आहे ते विचारून घ्या. एंट्री प्रोसेस २० म्हणजे एका क्षणी पीएचपीच्या (सर्व्हरवर पान तयार करणाऱ्या भाषेच्या) २० रिक्वेस्ट, २० माणसं नव्हे, पान लवकर तयार होत असेल तर २० मध्ये बरीच माणसं निभावतात, आणि पान तयार व्हायला पाच सेकंद लागत असतील तर थोड्याशा गर्दीतही "५०८ रिसोर्स लिमिट इज रीच्ड" असं पांढरं पान दिसतं. त्यामुळे "महिन्याला एक लाख व्हिजिटर्स चालतील" या वाक्याला काही अर्थ नाही, एक लाख महिनाभर पसरून आले की एकाच संध्याकाळी आले यात सगळा फरक आहे.

अपटाइमबद्दल थोडक्यात. ९९.९% ऐकायला भारी वाटतं, पण त्याचा अर्थ महिन्याला ४३ मिनिटं आणि वर्षाला पावणेनऊ तास साईट बंद राहिली तरी ते शब्दाला जागले. आणि नाही जागले तर? बहुतेक ठिकाणी थोडंसं क्रेडिट, तेही तुम्ही तिकीट टाकून मागितलं तर, शिवाय "नियोजित मेंटेनन्स" त्यात धरत नाहीत. मी हा आकडा तुलनेतून काढूनच टाकला, सगळ्यांकडे तोच असतो.

स्पीड. इथे लोक डिस्क एनव्हीएमई का एसएसडी, सर्व्हरचं सॉफ्टवेअर लाइटस्पीड का एनजिनएक्स यावर तावातावानं भांडतात, आणि सर्व्हर कुठल्या देशात आहे हे बघतच नाहीत. फायबरमध्ये सिग्नल सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर दहा हजार किलोमीटर लांब असेल तर जाऊन यायलाच १०० मिलिसेकंद, आणि केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते म्हणजे प्रत्यक्षात जास्तच. आता ब्राउझर आधी टीसीपीचा (जोडणीचा) नमस्कार-चमत्कार करणार, मग टीएलएसचा (एन्क्रिप्शनचा), मग कुठे "पान दे" म्हणणार. टीएलएस १.३ असलं तरी झाल्या तीन फेऱ्या, ३०० मिलिसेकंद गेले आणि सर्व्हरनं अजून काही कामच केलेलं नाही! गूगलच्या मते पहिला बाइट ८०० मिलिसेकंदांच्या आत आला तर ठीक, त्यातले तीनशे-चारशे नुसते प्रवासात घालवायचे म्हणजे मग डिस्क कितीही भारी असली तरी वरातीमागून घोडं. म्हणून तुमचे वाचक जिथे आहेत त्याच्या जवळचं डेटा सेंटर निवडता येतं का हे आधी बघा. सीडीएननं (ठिकठिकाणी कॉप्या ठेवणाऱ्या सर्व्हरच्या जाळ्यानं) फोटो आणि सीएसएस (पानाची सजावट) जवळ येतात, पण लॉगिन केलेल्या माणसाचं पान, शोधाचं पान, चेकआउटचं पान शेवटी मूळ सर्व्हरवरूनच येतं.

बॅकअपवर मात्र मी जरा हट्टी आहे. "डेली बॅकअप" लिहिलेलं असतं, विचारायचं असतं ते पुढचं: किती दिवसांचे ठेवता, रिस्टोअर मी स्वतः करू शकते का, त्याचे वेगळे पैसे लागतात का, आणि बॅकअप राहतो कुठे. शेवटचा प्रश्न लोकांना फालतू वाटतो. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत जळाली, लाखो साईट्स बंद पडल्या, आणि ज्यांचे बॅकअपही तिथेच होते त्यांचा डेटा कायमचा गेला. त्यामुळे होस्ट कितीही चांगला असला तरी एक कॉपी दुसरीकडे, आपल्या ताब्यात पाहिजेच. ज्या होस्टकडे पूर्ण बॅकअप एका क्लिकवर डाउनलोड करता येत नाही तो माझ्या यादीतून तिथेच बाद.

सपोर्टची परीक्षा विकत घेण्याआधी घ्यायची. रात्री उशिरा चॅट उघडायचा आणि ज्याचं उत्तर हो-नाहीत येईल असा टेक्निकल प्रश्न टाकायचा. मी सगळीकडे एकच टाकला: "पीएचपीचं व्हर्जन प्रत्येक साईटला वेगळं ठेवता येतं का, आणि एसएसएच मिळतं का या प्लॅनवर?" (एसएसएच म्हणजे दुरून सर्व्हरवर शिरून कमांड चालवायची सोय.) एकीकडून दोन मिनिटांत उत्तर आलं, हो, इथून बदलता येतं, एसएसएच मिळेल पण "की" (किल्लीची फाइल) टाकावी लागेल, पासवर्डनं नाही. दुसरीकडून आलं, "आमचे सर्व प्लॅन वर्डप्रेससाठी उत्तम आहेत, मी तुम्हाला तीन वर्षांची ऑफर दाखवू का?" मी परत तोच प्रश्न विचारला, परत ऑफर. बंद केलं. पैसे घ्यायच्या आधी ही तऱ्हा, तर साईट पडल्यावर काय बोलणार हे लोक.

आता पैशाचं. दिसतो तो भाव पहिल्या मुदतीचा असतो आणि तोही तीन-चार वर्षांचे एकदम भरले तर. तुलना करायची ती रिन्यूअलच्या भावाची, तो कार्टमध्ये किंवा टर्म्समध्ये कुठेतरी असतो आणि दुप्पट-तिप्पट निघणं यात नवल काहीच नाही. कार्टमध्ये आधीच टिक करून ठेवलेल्या वस्तूही बघा: साईट सिक्युरिटी, एसईओ टूल, "प्रायॉरिटी" काहीतरी. एसएसएलचे पैसे मागणारा होस्ट साध्या साईटसाठी सरळ सोडून द्या, लेट्स एन्क्रिप्ट २०१५ पासून फुकट सर्टिफिकेट देतंय आणि होस्टिंगच्या बहुतेक कंट्रोल पॅनलमध्ये ते आपोआप रिन्यू होतं. मनी बॅकमधून "फ्री" डोमेनचे (साईटच्या नावाचे) पैसे कापून घेतात, हेही टर्म्समध्येच असतं.

आणि डोमेन म्हणालात तर, ते होस्टकडे घेऊच नका असं माझं स्पष्ट मत. डोमेन एकीकडे, होस्टिंग दुसरीकडे, ईमेल शक्यतो तिसरीकडे. कटकट वाटते पण होस्टशी बिनसलं तर नेमसर्व्हर (डोमेन कुठे शोधायचं ते सांगणारा सर्व्हर) बदलला की झालं, नाहीतर नवीन घेतलेलं डोमेन सहसा पहिले ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन विकणाऱ्याकडे) नेताच येत नाही, आणि त्यानंतरही ऑथ कोड (डोमेन हलवायचा पासवर्ड) मागण्यात नाकी नऊ येऊ शकतात. ईमेलचं कारण वेगळं आहे. शेअर्ड सर्व्हरवर तुमच्यासोबत त्याच आयपीवरून (सर्व्हरच्या आकडी पत्त्यावरून) शेकडो लोक मेल पाठवतात, त्यातला एक स्पॅमर निघाला की तुमचंही मेल स्पॅममध्ये. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूनं एसपीएफ, डीकेआयएमचे (मेल खरंच तुमच्याकडून आलंय हे पटवणाऱ्या नोंदींचे) नियम कडक केलेत, तेव्हा ज्याचा धंदाच मेलचा आहे त्याच्याकडे ते ठेवलेलं बरं.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल माझी तर पाचच पानांची साईट आहे, माहिती, फोटो, संपर्क. मग होस्टिंग विकतच कशाला घेताय? स्टॅटिक साईट (आधीच तयार पानांची) बनवा आणि गिटहब पेजेस किंवा क्लाउडफ्लेअर पेजेसवर टाका, फुकट. गिटहब पेजेसवर साईट १ जीबीच्या आत पाहिजे, महिन्याला १०० जीबी ट्रॅफिकची सॉफ्ट (थोडी सैल) मर्यादा आहे, आणि दुकान चालवायला ते नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुष्कळ. उलट टोकाला, व्हीपीएस (सगळं स्वतः सांभाळायचा आभासी सर्व्हर) घ्यायची खाज असेल तर स्वतःला विचारा की अपडेट, फायरवॉल, रात्री तीनला भरलेली डिस्क हे कोण बघणार. मला बघायला आवडतं, पण ग्रुपच्या साईटसाठी नाही घेतला, कारण मी नसताना दुसऱ्या कोणाला ते जमणार नाही.

शेवटी आम्ही एक मधल्या आकाराचा होस्ट घेतला, तोच, दोन मिनिटांत उत्तर देणारा. स्वस्ताईत तो तिसरा होता, रिन्यूअल पकडलं तर पहिला. तीन वर्षांचं न घेता आधी महिन्याचं घेतलं, महाग पडलं तरी.

हलवताना एक करा, डीएनएस (डोमेन कुठल्या सर्व्हरचं ते सांगणारी नोंद) बदलायच्या आधी आपल्या कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाइलमध्ये (अशाच नोंदींची कॉम्प्युटरची खासगी यादी) नव्या सर्व्हरचा आयपी टाकून साईट फक्त स्वतःला नव्या जागेवर चालवून बघा, लॉगिन, फॉर्म, फोटो अपलोड सगळं, बाकी जगाला जुनीच दिसत राहते. डीएनएसचा टीटीएल (जुनी नोंद किती वेळ धरून ठेवायची तो आकडा) एक दिवस आधीच ३०० सेकंदांवर आणून ठेवा. जुनं अकाउंट लगेच रद्द करू नका, थोडे दिवस दोन्ही चालू द्या, पण त्याचं ऑटो रिन्यू मात्र आधी बंद करा.