पुन्हा एकदा नॉर्मंडीवर: केज तालुक्यातून रॅनोकपर्यंत

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा, दर चार तासांनी थेंब, दोन औषधांच्या मधे पाच मिनिटं, खाली वाकायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही. वडील गेल्यापासून घरात ती एकटीच असते. म्हणून तीन आठवड्यांची रजा टाकली आणि मांजरसुंब्याला वळून नेकनूर, केज करत गावी पोचलो. पिशवीत कपडे कमी होते, पण लॅपटॉप होता आणि त्यात ‘मास इफेक्ट’ या व्हिडिओ गेमचे तीन भाग होते. बारा वर्षांनी त्या वाटेला पुन्हा लागलो होतो. तो प्रवास कसा झाला आणि तुम्ही निघालात तर काय सांभाळायचं, ते लिहितो. गोष्टीतले मोठे प्रसंग यात येतात. ज्यांना काहीच कळू न देता खेळायचं आहे त्यांनी आधी खेळून यावं, मग हे वाचावं.

ज्यांनी नावच ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कॅनडातल्या बायोवेअर या कंपनीची ही तीन भागांची विज्ञानकथा. पहिला भाग २००७चा, दुसरा २०१०चा, तिसरा २०१२चा. आपण कमांडर शेपर्ड, बाई किंवा पुरुष, जसं निवडाल तसं. नॉर्मंडी नावाचं जहाज, वेगवेगळ्या जातकुळीचे सोबती, आणि दर पन्नास हजार वर्षांनी येऊन सगळ्या प्रगत संस्कृती पुसून टाकणारी रीपर नावाची यंत्रं. एका भागात घेतलेला निर्णय पुढच्या भागात आपल्यासमोर येऊन उभा राहतो, ही याची खरी ताकद. मे २०२१मध्ये तिन्ही भाग डागडुजी करून ‘लेजंडरी एडिशन’ या नावाने एकत्र आले.

माझी पहिली फेरी २०१०ची, संभाजीनगरात इंजिनिअरिंगला असतानाची. तेव्हा ते औरंगाबाद. खोलीत चौघं, कॉम्प्युटर एक, आणि लोडशेडिंगचं वेळापत्रक भिंतीला चिकटवलेलं. वीज असेल तेवढ्या वेळात आपली पाळी उरकायची. त्यामुळे कुणी बोलायला लागलं की स्पेसबार दाबायचा, संवाद पुढे ढकलायचा आणि थेट गोळीबाराला जायचं. त्या फेरीत माझी टाली मेली. टाली झोरा, मुखवटा घातलेली क्वेरियन मुलगी, पहिल्या भागापासून सोबत असलेली. ती का मेली हेही मला त्या वेळी धड कळलं नव्हतं, कारण कारण सांगणारे संवाद मीच पुढे ढकलले होते. २०१२मध्ये नोकरी लागल्यावर तिसरा भाग खेळलो तेव्हा रॅनोक या तिच्या मायभूमीवर मी तिच्याशिवाय उतरलो. ती रुखरुख राहिली होती. या वेळी मी फक्त तिच्यासाठी निघालो होतो.

आता तयारी. गेमला १२० जीबी जागा लागते आणि रॅम किमान ८ जीबी. गावाकडे मोबाईलच्या हॉटस्पॉटवर हे उतरवायच्या भानगडीत पडू नका. मी पुण्यातच उतरवून घेतलं, एकदा सुरू करून पाहिलं आणि मग निघालो. नेट नसताना चालतंय का, हेही घर सोडण्याआधी तपासा. विकत घ्यायचं तर सेलची वाट पाहा, किंमत पुष्कळच खाली येते. पूर्वीपेक्षा वीज बरी असली तरी लॅपटॉप पूर्ण चार्ज ठेवा. इंग्रजी सबटायटल चालू करा, परग्रहवासीयांचे उच्चार पहिल्यांदा कानाला जड जातात. तिन्ही भाग मिळून नीट खेळायला शंभर तास धरा. पहिला भाग मी दिवाळीपासूनच्या शनिवार-रविवारी पुण्यात संपवला होता, गावी दुसरा आणि तिसरा राहिला होता.

पहिल्या भागाबद्दल फार लिहीत नाही. माको ही सहा चाकांची गाडी आता पूर्वीसारखी बेभरवशाची राहिलेली नाही, तरी निर्जन ग्रहांवरची एकसारखी बंकरं सगळी साफ करत बसू नका. चार-पाच बघा आणि पुढे चला. लिफ्ट मात्र सोडू नका. नव्या आवृत्तीत लिफ्टचा प्रवास झटकन उरकता येतो, पण सोबती एकमेकांशी बोलतात ते तिथेच. विर्मायर ग्रहावर जाण्याआधी रेक्स या सोबत्याचं घराण्याचं चिलखत शोधून द्या, नाहीतर तिथे त्याच्यावर बंदूक रोखायची वेळ येऊ शकते. आणि गेथ यंत्रांचे तळ उद्ध्वस्त करण्याच्या कामात जी माहिती हाती लागते, ती टालीला द्या. तिच्या यात्रेसाठी ती लागते.

या यात्रेपाशी मी थांबलो, आणि तुम्हीही थांबावं असं वाटतं. क्वेरियन लोकांनी गेथ ही यंत्रं राबायला बनवली. यंत्रं विचार करायला लागली, मालक घाबरले, लढाई झाली, मालक हरले आणि मायभूमी सोडून निघाले. तीनशे वर्षं ते जहाजांवरच राहतात. पन्नास हजार जहाजं, एक कोटी सत्तर लाख माणसं. निर्जंतुक हवेत पिढ्या गेल्यामुळे अंगातली रोगाशी लढायची ताकद गेली, म्हणून जन्मभर तो बंद पोशाख. वयात आलेल्या पोराने जहाज सोडून बाहेर जायचं, कामाची काहीतरी वस्तू मिळवायची आणि ती भेट देऊन नव्या जहाजावर जागा मागायची, हीच ती यात्रा.

माझे आईवडील मी सातवीत जाईपर्यंत ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की मुकादमाची ट्रक यायची. भांडी, गोधड्या, कोंबड्या, शेळी, सगळं वर चढायचं आणि सांगली-कोल्हापूरकडे निघायचं. मी आजीजवळ. उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, फिटेपर्यंत फडातच राहायचं, उसाच्या पाचटाच्या कोपीत. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की उन्हाळ्याच्या तोंडाशी परत. आमच्या वस्तीवर आजही जानेवारीत निम्म्या दारांना कुलपं आहेत. म्हाताऱ्या आणि शाळेतली पोरं तेवढी मागे. हे सगळं माहीत असलेल्या मी विसाव्या वर्षी क्वेरियनांची गोष्ट स्पेसबार दाबून पुढे ढकलली होती.

तर दुसरा भाग. आई ओसरीवर बाजेवर पडलेली, डोळ्यांवर काळा चष्मा. पडद्याकडे बघायचं नाही असं मीच बजावलं होतं, पण कान मोकळे होते. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “ती जाळीतून बोलल्यावाणी बोलायली ती पोरगी कोन हाय रे?”

मी थांबवून सांगितलं. मग रोजचंच झालं. मी खेळायचो आणि मराठीत सांगत जायचो. असं कुणाला सांगत खेळायचं असेल तर प्रत्येक संवाद पुरा ऐकावाच लागतो. गेम समजून घ्यायचा याहून चांगला मार्ग मला सापडलेला नाही. मोहिमा झाल्या की जहाजावर खाली-वर एक चक्कर मारा आणि प्रत्येकाशी बोला. गावी आल्यावर चार घरी जाऊन बसतो तसं. नवं बोलणं असतंच.

टालीच्या खटल्याची तयारी फार आधीपासून करावी लागते, म्हणून इथे नीट लक्ष द्या. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच फ्रीडम्स प्रोग्रेस या वसाहतीत वीटर नावाचा भेदरलेला क्वेरियन सापडतो. त्याला टालीबरोबर त्याच्या लोकांत जाऊ द्या. पुढे हेस्ट्रम ग्रहावर टालीला आणायला जाल तेव्हा काल रीगर नावाचा जखमी शिपाई तुमच्याबरोबर लढायला उठू पाहतो. त्याला थांबवा, तो जगला पाहिजे. हे दोघं खटल्याला हजर असतील तर शेपर्डच्या शब्दाची ताकद, म्हणजे बोलून पटवण्याचे गुण, कमी असतानाही मार्ग निघतो.

खटला असा. टालीवर फितुरीचा आरोप आहे. चालू अवस्थेतली गेथ यंत्रं तिने आपल्या लोकांच्या जहाजांत पाठवली म्हणून. सभा भरते आणि तिचं नाव पुकारतात: टाली झोरा वास नॉर्मंडी.

“असं काय नाव घेतलं?” आईने विचारलं.

मी सांगितलं. त्यांच्यात नावापुढे ‘नार’ लागतं ते जन्मलेल्या जहाजाचं आणि ‘वास’ लागतं ते राहत्या जहाजाचं. ती जन्मली राया जहाजावर, म्हणून नार राया. मोठी झाली, नीमा जहाजाने तिला घेतलं, तेव्हा वास नीमा. आज भर सभेत तिला परस्पर आपल्या जहाजाचं नाव लावलं. ‘वास’ म्हणताना मला जाणवलं की हा शब्द मराठीत सांगावाच लागत नाही.

आई उठून बसली. “म्हंजी माहेर तोडलं की तिचं. न इचारता.”

पुढे कळतं की प्रयोग तिच्या बापाचे होते, त्याच प्रयोगांत माणसं मेली आणि बापही मेला. पुरावा हातात आहे. दाखवला तर टाली सुटते. ती मात्र हात जोडून विनवते की बापाचं नाव खराब करू नका. २०१०मध्ये मी विचार न करता पुरावा दाखवला होता. ती सुटली, पण तिचा विश्वास गेला, आणि शेवटच्या मोहिमेत तिला शत्रूच्या तळातल्या नळीतून पुढे पाठवलं तेव्हा ती वाचली नाही. नळीतून जाणारा सोबती मनाने आपल्याबरोबर नसेल तर मरतोच, हा गेमचा नियम आहे.

या वेळी मी आईलाच विचारलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मेलेल्याच्या नावानं पोरीला कशाला रडवायचं? पन खोटं बी बोलू नको. तिनं काय काय केलंय ते सांग की त्यान्ला.”

नेमकी तीच वाट गेममध्ये आहे. पुरावा बाहेर काढायचा नाही, सभेला उद्देशून टालीने त्यांच्यासाठी काय केलं ते मांडायचं. रीगर आणि वीटर उठून तिच्या बाजूने बोलले. टाली निर्दोष सुटली, बापाचं नाव राहिलं आणि ती आमची राहिली. काहीच न बोलता गप्प बसलात तर हद्दपारी होते, आणि ती तिसऱ्या भागात अंगाशी येते.

त्यानंतरचा क्रम लक्षात ठेवा. बाकी सगळ्यांची वैयक्तिक कामं उरकल्याशिवाय रीपर आयएफएफ (रीपरांचं ओळखयंत्र) आणायच्या मोहिमेला हात लावू नका. तिथे लीजन हा गेथ मिळतो. तो मिळाला की त्याचं काम लगेच करा, त्याचं आणि टालीचं भांडण होईल ते मिटवा, आणि जहाजावरची माणसं पळवून नेली की एकही दिवस न दवडता ओमेगा ४ रिले या अवकाशातल्या दारातून निघा. मधे दुसरी कामं करत बसलात तर पळवलेली माणसं मरतात. जहाजाचं चिलखत, ढाल आणि तोफ या तिन्ही सुधारणा आधीच करून ठेवा. नळीत टाली किंवा लीजन, दुसऱ्या तुकडीचा म्होरक्या गॅरस हा सोबती, बायोटिक कवचासाठी (मनाच्या शक्तीने उभ्या केलेल्या ढालीसाठी) समारा किंवा जॅक या सोबतिणी. माझे सगळे सोबती जिवंत परतले. पहाटेचे दोन वाजले होते आणि मी अंगणात जाऊन उभा राहिलो. बाहेर ज्वारीवर दव पडलेलं होतं.

तिसऱ्या भागात टुचांका ग्रहावरचा, मॉर्डिन या सोबत्याचा प्रसंग येतो. तो मी सांगणार नाही. तो दिवस रिकामा ठेवा एवढंच सांगतो. शेवटावर २०१२मध्ये लोक फार चिडले होते आणि त्याच वर्षी जूनमध्ये वाढीव शेवट आला, तो आता आतच आहे. मला तो शेवट आजही घाईचा वाटतो, पण त्यासाठी आधीचे शंभर तास सोडण्यासारखे नाहीत. ‘सिटाडेल’ नावाचं जोडप्रकरण मिळतं तेव्हा लगेच खेळू नका. सर्बरस या संघटनेच्या मुख्य तळावर जाण्याआधी, अगदी शेवटी ठेवा. त्यात सगळे सोबती एका घरी जमतात, खातात, पितात, एकमेकांची थट्टा करतात. आमच्या शेजाऱ्यांनी त्याच आठवड्यात हुरड्याला बोलावलं होतं. आगटीभोवती बसून शेंगदाण्याच्या चटणीबरोबर गरम हुरडा खाताना मला तेच घर आठवत होतं.

रॅनोकची मोहीम सुरू करण्याआधी तिथली बाकीची दोन कामं पुरी करा: क्वेरियनांच्या ॲडमिरल कोरिसला सोडवणं आणि लीजनबरोबर गेथांच्या जाळ्यात उतरणं. टालीची हद्दपारी झालेली नसेल, लीजन जिवंत असेल आणि शेपर्डच्या शब्दाला वजन आलेलं असेल, तर दोन्ही बाजूंचा समेट होतो. नाहीतर एक जमात संपताना बघावी लागते. मी बारा वर्षांपूर्वी ती बघितली आहे.

या वेळी समेट झाला. तोवर आईचा काळा चष्मा निघाला होता, म्हणून तिला लॅपटॉपपुढे खुर्चीवर बसवलं. टाली कड्यावर उभी राहते, मोकळ्या जमिनीकडे हात करते आणि सांगते, इथे माझं घर होईल, खिडकी इथे येईल. मग मुखवटा काढते आणि आपल्या ग्रहाची हवा चेहऱ्यावर घेते. कॅमेरा मागून असतो, चेहरा दिसत नाही. मी सगळं सांगितलं.

आई पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, शेवटची उचल फिटली त्या साली तुझ्या बापानं फक्कीनं दोन खोल्या आखल्या हुत्या. भिंती नव्हत्या, काहीच नव्हतं. मी आत हुबी राहिले आन् हातानं दावलं, खिडकी हितं. तिने बसल्या जागेवरून उजवा हात उचलून आमच्या खिडकीकडे केला. बाहेर शेळी बांधली होती आणि ऊन उतरलं होतं.

चार वाजले होते. थेंब घालायचे होते.