लाल टोपणाची सिरिंज

रात्रपाळीत साडेअकराच्या सुमारास नऊ नंबरच्या बेडवरील आजी घामाने थबथबलेल्या आणि असंबद्ध बोलताना दिसल्या. ग्लुकोमीटरवर शुगर ३८, म्हणजे धोकादायक इतकी कमी आली. निवासी डॉक्टरांनी तातडीने २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचे द्रावण, शिरेतून दिले आणि थोड्या वेळाने आजी पाणी मागू लागल्या, तेव्हा मी ट्रेमधली इन्सुलिनची वायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली, पुन्हा हातात घेतली. आमच्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेले इन्सुलिन येते आणि ते लाल टोपणाच्या सिरिंजने दिले जाते; तिच्यावरच्या खुणा त्याच क्षमतेच्या हिशेबाने असतात. पण साठा संपल्यामुळे त्या संध्याकाळी नातेवाइकांनी बाहेरच्या मेडिकलमधून आणलेली वायल १०० युनिटची होती. माझ्या सिरिंजमधून आजींना १६ नव्हे, ४० युनिट गेले होते. मी लेबलवरचे नाव वाचले होते, आकडा वाचला नव्हता.

सोबतच्या ज्येष्ठ सिस्टर माझ्या काळजीपोटीच म्हणाल्या, “जेवण अर्धवट झालं होतं, एवढंच लिही.” आजींनी खरोखरच अर्धी पोळी ताटात टाकली होती, म्हणून तो मोह फार मोठा होता. रात्री आठ वाजता १६ युनिट दिल्याची माझी नोंद मी खोडली नाही. तिच्याखाली रात्री साडेबाराची वेळ घालून वायलची क्षमता, सिरिंजचा प्रकार आणि प्रत्यक्ष गेलेली मात्रा लिहिली व सही केली. सकाळी डॉक्टरांसोबत आजींच्या मुलीला सर्व सांगितले. “आईच्या मेंदूला काही झालं नाही ना?” एवढेच तिने विचारले. दुपारी तिने लेखी तक्रार दिली, आणि तो तिचा हक्कच होता.

मेट्रन मॅडमनी, म्हणजे आमच्या मुख्य परिचारिकांनी, खुलासा मागितला, चौकशी समिती बसली आणि मी एका वकिलांना भेटले. आजी दगावल्या असत्या तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागू शकले असते, हे त्यांनी सांगितले. निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूसाठी त्यात ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि नोंदणीकृत डॉक्टरांसाठी असलेली २ वर्षांची मर्यादा परिचारिकांना नाही. एकाच खाटेपाशी उभ्या असलेल्या दोघांमधला हा फरक मला आजही अन्यायकारक वाटतो. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात स्पष्ट केले आहे की फौजदारी गुन्ह्यासाठी साधी चूक पुरत नाही, निष्काळजीपणा घोर असावा लागतो. नुकसानभरपाईची गोष्ट वेगळी. १९९८ च्या स्प्रिंग मेडोज निकालात वडिलांनी बाहेरून आणलेले चुकीचे इंजेक्शन परिचारिकेने एका मुलाच्या शिरेत दिले होते; त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली आणि रुग्णालयाला १७.५ लाख रुपयांची भरपाई द्यावी लागली. तो तपशील ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर आमचीच वायल होती.

समितीने सर्वांत जास्त वेळ माझ्या साडेबाराच्या नोंदीवर घालवला. ती नंतर घुसडलेली नाही, याची खात्री पटल्यावरच माझ्या जबाबावर विश्वास ठेवला गेला. मला लेखी ताकीद मिळाली आणि एक वेतनवाढ थांबली. तक्रार नर्सिंग कौन्सिलपर्यंत गेली नाही. त्या रात्री दोघींकडे अठ्ठावीस रुग्ण होते, हेही मी खुलाशात लिहिले होते. समितीच्या अहवालात त्याचा उल्लेख नाही, आणि ते मला खटकते.

आता बाहेरून आलेली वायल फ्रीजमध्ये ठेवण्याआधी तिच्यावरचा आकडा दोघी जणी मोठ्याने वाचून सह्या करतात, आणि १०० युनिटच्या वायलला नारिंगी टोपणाची सिरिंज रबरबँडने बांधून ठेवतात.