वणवा, आमचा गार्ड आणि "माका काय दिसूक नाय"

शिमगा जवळ आला की आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर डोंगर पेटल्याचे व्हिडिओ सुरू होतात आणि खाली ठरलेली कमेंट, "फॉरेस्टवाले झोपलेत काय?" लिहिणारा बहुतेक विरारला नाहीतर डोंबिवलीत बसलेला असतो. खात्याची वकिली करायची मला काही हौस नाही, पण आमच्या कणकवली-वैभववाडी पट्ट्यात वणव्यामागे धावणारी माणसं जवळून बघितलीत म्हणून लिहितोय, जरा लांबेल.

आधी फॉरेस्टवाले म्हणजे कोण ते बघा. वर वनक्षेत्रपाल, ज्याला आपण रेंजर म्हणतो, त्याच्या हाताखाली वनपाल आणि सगळ्यात खाली वनरक्षक म्हणजे आपला गार्ड, त्याच्या वाट्याला एक बीट. बीटात गावं कितीतरी, माणूस एक. गवा शेतात घुसला की पंचनाम्याला तोच, बिबट्या विहिरीत पडला की पिंजरा आणि दोर घेऊन तोच, दोडामार्गात असेल तर हत्तीच्या मागेही तोच, आणि रात्री कोणी खैर तोडून पिकअपमध्ये भरतंय अशी टीप आली की गाडी अडवायला, वाहतूक पास बघायला, ओंडक्यावर खात्याच्या हातोड्याची छाप आहे का ते बॅटरी मारून शोधायलाही तोच. शहरात पोलीस वेगळे, फायर ब्रिगेड वेगळी. इथे दोन्ही एकाच खाकी शर्टात, आणि हातात बऱ्याचदा नुसती काठी.

कागदावर मात्र गडी एकदम पावरफुल. १९२७ चा भारतीय वन कायदा आहे, त्यात कलम २६ खाली राखीव जंगलात आग लावणं हा गुन्हा, ५२ खाली हत्यार-वाहन जप्त करता येतं, ६४ खाली वॉरंट नसताना अटक करता येते. अभयारण्य असेल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं कलम ३० वेगळं. एवढं सगळं असून वणव्याच्या केसमध्ये कोणी आत गेलाय असं तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत?

त्याच्यावर येतो, आधी आग.

आमच्याकडे दुपारी समुद्राकडून वारं सुटतं आणि आग घाटाच्या दिशेने, म्हणजे चढावर पळते. चढावर ती कायम जोरात, कारण ज्वाळा वरच्या गवताला जवळजवळ टेकूनच असतात, ते पेटायच्या आधीच भाजून तयार असतं. दिवस मावळताना वारं पडतं आणि रात्री उलटं, डोंगराकडून खाली यायला लागतं. म्हणजे दुपारी जी बाग आगीच्या मागे म्हणून निवांत होती ती रात्री आगीच्या तोंडावर. हे गणित मुंबईहून आलेल्याला कळत नाही आणि तो उत्साहाने बादली घेऊन नेमका वरच्या बाजूला जाऊन उभा राहतो.

जुना गार्ड तोंडावर जात नाही. तो बगलेने मारत येतो, एक पाय जळून काळ्या झालेल्या जमिनीवर ठेवून, म्हणजे वारं फिरलं तर मागे सरकायला जळलेली जागा असते. पाणी तिथे नसतंच, सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, कुठून आणणार. हातात जांभळीचे नाहीतर अंजनीचे ओले टाळे, म्हणजे पाल्यासकट फांद्या. आणि टाळा आपटायचा नसतो बरं का, दाबून आगीकडे ओढायचा. आपटला की ठिणग्या उडतात आणि तुमच्याच पाठीमागे नवीन पेटतं. आता बऱ्याच ठिकाणी ब्लोअर आलेत, पाठीवर बांधायचं पेट्रोलचं मशीन. त्याचा वारा ज्वाळेच्या बुडाशी मारायचा, मग ज्वाळा जळलेल्या बाजूला वळते आणि पुढे खायला काही न मिळून बसते, शिवाय पुढचा पालापाचोळा उडवून पट्टा मोकळा करता येतो. आवाज कानठळ्या बसवणारा, वजन खांद्यावर, वर धूर, आणि भर चढावर पेट्रोल संपलं की परत टाळा. यात जीवही जातो. जून २०२४ मध्ये उत्तराखंडच्या बिनसर अभयारण्यात वणवा विझवायला गेलेले वनखात्याचे चार जण जागीच गेले, त्यातले सगळे काही मोठे साहेब नव्हते, रोजंदारीवरचेही होते.

मग लोक म्हणतात सॅटेलाइट आहे ना. आहे की. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून मोबाईलवर अलर्ट येतात, अक्षांश-रेखांशासकट. पण त्यातला एक महत्त्वाचा उपग्रह आपल्यावरून जातो दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमाराला, आणि त्याचा एक ठिपका म्हणजे ३७५ मीटरचा चौकोन. तीन वाजता पेटलेली आग सात वाजेपर्यंत कोणाचीतरी काजूची बाग खाऊन विझली तर वरून तिचा पत्ता लागेलच असं नाही. आणि उलट पण होतं, अलर्ट आला म्हणून गार्ड बाईक मारत जातो तर कोणीतरी तरव्याची भाजणी (भाताच्या रोपांसाठी जमीन भाजणं) करत शांतपणे बिडी ओढत बसलेला.

आता गुन्हा. वीज पडून जंगल पेटणं वगैरे परदेशात, आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक वणव्याच्या मागे माणूस असतो. तरवा भाजताना आग बांधाबाहेर गेली, बागेतलं रान साफ करायला काडी लावली, डुकराला-सशाला बाहेर काढायला शिकारीवाल्यांनी पेटवलं, विजेच्या तारा घासून ठिणगी पडली (तारा पण माणसानेच ओढल्यात), आणि ती एक जुनी समजूत, की जाळलं की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं. येतं कसलं, कुसळ येते. कोवळी झाडं मरतात आणि दरवर्षी जळलेल्या डोंगरावर शेवटी गवताशिवाय काही उरत नाही, जे पुढच्या वर्षी आणखी मस्त पेटतं.

आग कुठून सुरू झाली हे शोधायची पद्धत मी एकदा एका गार्डसाहेबांच्या मागे मागे फिरून बघितली आणि मला ती खूप आवडली. खाली बसून दगड बघत होते. म्हणाले, "ह्या दगडाक काजळी खयच्या बाजूक लागली ती बघा." आग ज्या बाजूने येते ती बाजू जास्त भाजलेली असते. झाडाच्या बुंध्याचं बरोबर उलटं, आग पुढे जाताना बुंध्याच्या पलीकडच्या अंगाला, आडोशाला, जास्त वर चढते, म्हणजे काळा डाग उंच दिसला की समजायचं आग त्याच्या समोरच्या बाजूने आली. असं दगड-झाड-दगड करत उलटं चालत जायचं. आम्ही पोचलो एका पायवाटेच्या कडेला. तिथे हातभर जागेत गवताचे बुडखे नुसते करपलेले, राखसुद्धा धड नाही, कारण सुरुवातीला आग लहान असते. शेजारी गवत तुडवून तिघंचौघं बसल्याची जागा. बस, गुन्ह्याची जागा सापडली.

आणि तिथेच तपास संपला. गुन्हा नोंदवायला नाव लागतं, नावाला साक्षीदार लागतो, आणि साक्षीदार म्हणजे ज्याचं घर त्या पायवाटेवर आहे तो. त्याने दारातूनच सांगितलं, "माका काय दिसूक नाय." त्याला दिसलं होतं, हे गार्डला माहीत, मला माहीत, त्याच्या कुत्र्यालाही माहीत. पण ज्याचं नाव घ्यायचं तो त्याच्या भावकीतला, गणपतीला त्याच्याच ओटीवर भजन, बाराही महिने पाणंद एकच. गार्ड बदली होऊन जाईल, हा कुठे जाईल? मी त्या माणसाला दोष देऊ शकत नाही, पण त्याला "साधाभोळा" पण म्हणणार नाही. शेजारच्याची बाग जळालेली होती आणि ती कोणी जाळली हे त्याला ठाऊक होतं.

दुसरी अडचण जमिनीची. घाटावरच्या लोकांना वाटतं कोकणात हिरवं दिसतंय म्हणजे सरकारी जंगल असणार. तसं नाही. आमच्याकडे बराचसा डोंगर खाजगी मालकीचा, सामाईक सातबारा, त्यावर पन्नास नावं आणि त्यातली निम्मी माणसं मुंबईत नाहीतर देवाघरी. कलम २६ राखीव जंगलापुरतं. तुमच्या-माझ्या सड्यावर आग लागली तर गार्ड माणुसकीने येतो, विझवतो, पण वनगुन्हा म्हणून लिहायला त्याचा हात आखडतो, मग पोलीस स्टेशन, तिथे भारतीय न्याय संहिता, मुद्दाम लावली की निष्काळजीपणाने यावर चर्चा, परत साक्षीदार कोण, परत माका काय दिसूक नाय. आणि बागवाल्याने काढलेला हवामानावर आधारित फळपीक विमा वणव्याला चालत नाही, त्यात अवकाळी पाऊस, तापमान असले ट्रिगर. फेब्रुवारी-मार्चमध्ये काजूचा मोहोर आणि बी दोन्ही झाडावर असतं, नेमकं तेव्हाच हे सगळं.

त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे की कोकणात वणव्याचं खरं काम जानेवारीत असतं. खात्याचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून, त्याच्या आधी जाळरेषा काढायच्या असतात, म्हणजे जंगलाच्या कडेने गवत कापून, पट्टा मुद्दाम जाळून मोकळा ठेवायचा. सरकारी हद्दीत ते होतं. खाजगी डोंगरावर कोण करणार? आमच्या वाडीत गेल्या काही वर्षांपासून बागवाले वर्गणी काढून सड्याच्या कडेचा पट्टा मजूर लावून साफ करतात, गार्डसाहेब येऊन वाऱ्याच्या हिशोबाने कुठून काढायचा ते दाखवतात, ड्युटी नसताना. पट्टा पेटवायचा तर सकाळी दव असताना, माणसं उभी करून, दुपारी नाही. दोन बागवाले अजून पैसे देत नाहीत, म्हणतात आमच्याकडे कधी आली नाय आग. त्यांच्या बागा पट्ट्याच्या अलीकडे आहेत, येणार कुठून!

आणि तो व्हिडिओ टाकायच्या आधी १९२६ ला फोन लावा, वनखात्याची हेल्पलाईन आहे, टोल फ्री. "आमच्या डोंगराला आग लागलीय" एवढं सांगू नका, डोंगर सगळ्यांचेच असतात. गाव, वाडी, कुठल्या देवळाच्या किंवा टॉवरच्या कुठल्या बाजूला, वारं कुठून आहे आणि गाडी कुठपर्यंत येते ते सांगा, जमलं तर लोकेशन पाठवा. मग करा शूट.