चार सेकंद

"काकू, उजवा पाय उचला. कशाला धरायचं नाही. मी मोजते."

फिजिओथेरपीवाली मुलगी माझ्या धाकट्याहून लहान असेल. मी गेले होते मनगटासाठी. बाथरूममध्ये पाय घसरला, पडताना हात टेकला आणि मनगट मोडलं, एवढीच कथा. प्लास्टर निघून महिना झाला होता. मनगटाचा आणि पायाचा काय संबंध, असं विचारणार होते, तोवर तिनं "चार" म्हटलं आणि माझा पाय खाली. दुसऱ्या खेपेला पाच. डाव्या पायाची तर गोष्टच सोडा.

"मनगट मोडलं ते पडल्यामुळे ना काकू? आणि पडलात कशामुळे?"

मी एकोणसाठ वर्षांची. एकेकाळी कऱ्हाडला आमच्या आळीत लंगडी घालत दोन-दोन पोरींना बाद करायचे. तीच मी, चार सेकंद!

घरी आल्यावर लेकानं मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि मोठ्यानं वाचायला लागला. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या सतराशे लोकांना दहा सेकंद एका पायावर उभं केलं होतं. पाचातल्या एकाला जमलं नाही, आणि पुढच्या काही वर्षांत त्या न जमलेल्यांमध्ये... इथं तो थांबला. "काही नाही," म्हणाला. मी नंतर चष्मा लावून स्वतः वाचलं. २०२२ साली छापून आलेला अभ्यास आहे, आणि न जमलेल्यांमध्ये मरणाचं प्रमाण जास्त होतं. तोल गेला म्हणून माणसं गेली असं त्यात म्हटलेलं नाही. तब्येत आतून ढासळलेली असली की तीही तोलात दिसतेच. तरी त्या रात्री मी ओट्याला धरून तीनदा पाय उचलून पाहिला.

फिजिओवाल्या मुलीनं दिलेला व्यायामाचा कागद फ्रिजवर लावला. टाचा उचलणे, खुर्चीतून हात न टेकता उठणे, पावलाला पाऊल लावून चालणे. नऊ दिवस केलं. दहाव्या दिवशी पाहुणे आले आणि अकराव्या दिवशी मी कागदाकडे बघायचंच सोडलं. गोळी विसरल्यावर वाटतं तेवढंही वाईट वाटलं नाही.

मग श्रावण आला. आमच्या सोसायटीत मंगळागौरीचे खेळ बसवायचं ठरलं आणि पार्किंगमध्ये तालीम सुरू झाली. मी बघायला म्हणून खाली गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी काही न विचारता माझ्यापुढे हात केले.

फुगडी लांबून सोपी दिसते. हाताची फुली करायची, उजव्यात उजवा, डाव्यात डावा. चारही पावलं मधोमध चवड्यांना चवडे लावून. आणि मग मागं झुकायचं, इथंच सगळी मेख आहे. जिवाच्या भीतीनं ताठ उभी राहिलात तर फुगडी फिरतच नाही. समोरचीच्या भरवशावर पाठ मागं टाकावी लागते, तिलाही टाकावी लागते, आणि दोघींची वजनं एकमेकींना तोलून धरतात. मी वहिनींपेक्षा चांगली पंधरा किलो जास्त. पहिल्या गिरकीला त्या माझ्या अंगावरच आल्या. दुसऱ्यांदा त्यांनी कंबर अशी मागं टाकली की फिरलो! पार्किंगचे खांब, कुणाची तरी स्कूटर, वॉचमनची खुर्ची, सगळं गरगरत गेलं. बरं झालेलं मनगट आठवलं ते थांबल्यावर. सात-आठ गिरक्यांतच धाप लागली आणि हसू आवरेना. हसताना दुसरंही काही आवरेना, ते आमच्या वयाच्या बायकांना समजलं असेल. (त्यावरही व्यायाम असतात म्हणे. तो प्रश्न फिजिओवाल्या मुलीला विचारायचा धीर मला त्यानंतरच झाला.)

तेव्हापासून खाली जाते. व्यायाम म्हणून गेले असते तर पुन्हा नऊ दिवसच. तालमीचे दिवस ठरले मंगळवार, गुरुवार, शनिवार. फिजिओवाली मुलगी म्हणाली, छान! पासष्टीपुढच्या माणसांनी तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून निदान तीन दिवस करावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुम्ही आधीच सुरुवात केलीत. बसफुगडीला मात्र तिनं मला सक्त मनाई केली आहे, गुडघ्यांमुळे. ज्यांची हाडं ठिसूळ आहेत त्यांनी विचारूनच उतरावं.

तालमीहून जिना चढताना एक गोष्ट डोक्यात घोळते. माझं खेळणं थांबलं तेराव्या वर्षी. कुणी रागावलं नाही, "आता मोठी झालीस" एवढंच. भाऊ कॉलेज संपेपर्यंत मैदानावर खो-खो खेळला. आजी मात्र साठीतही फुगडी घालायची, फक्त नागपंचमीला. त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही. दिंडं उकडली की झालं. धर्माचं काय असेल ते असो, मला वाटतं वर्षातून एक दिवस बायकांच्या हातातली विळी काढून घेतल्याशिवाय त्यांना झोका मिळाला नसता. मंगळागौरीचंही तेच. व्रताच्या आडून जागरण आणि जागरणाच्या आडून खेळ.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या प्रियांका इंगळेच्या भारतीय महिला संघानं अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं, तेव्हा मी टीव्हीपुढे उभी राहून ओरडत होते. हे म्हणाले, अगं, बीपी. नातीनं विचारलं, आजी तू रडतेस का? काय सांगणार तिला.

आता आमच्यातल्या काहींना स्पर्धेत उतरायचंय. एकाच रंगाच्या नऊवारी, नथी, रेकॉर्ड केलेली गाणी, गुण द्यायला परीक्षक. मी नाही म्हटलं. परीक्षकाकडे बघत फुगडी घातली तर मागं झुकायचं राहून जातं. यावरून थोडी रुसवाफुगवी झाली, होऊ दे.

परवा कऱ्हाडला आईकडे गेले होते. ती ब्याऐंशीची, वॉकर घेऊन चालते. पार्किंगमधला व्हिडिओ दाखवला. तिनं बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "पकवा कोण घालतंय? काही ऐकू येत नाही."

"कुणाला येत नाही गं." फुगडीबरोबर तोंडानं धरायचा तो ताल, आमच्यात कुणालाच जमत नाही.

तिनं कवळी काढून वाटीत ठेवली, पदर सावरला आणि खुर्चीत बसल्या बसल्या तोंडानं असा पकवा धरला, की शेजारच्या खोलीतून भाऊ धावत आला, काय झालं म्हणून. मी उठले आणि त्याच्यापुढे हात केले.